बोट सुटली तरी जोडी सुटता कामा नये

डायव्हिंगच्या अपघातांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. जोडीने उतरलेले दोन डायव्हर पाण्याबाहेर डोकं काढतात तेव्हा प्रवाहाने त्यांना भलतीकडेच आणून सोडलेलं असतं. बोट लांब, बोटीवरच्यांचं तोंड दुसरीकडे. दोघांपैकी एक दमलेला, दुसरा पट्टीचा पोहणारा. मग त्या दुसऱ्याने पोहत जाऊन मदत का आणू नये? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं: आणावी की! ज्याच्या अंगात बळ आहे त्याने हातपाय हलवावेत, ही आपली जमिनीवरची शिकवण. रस्त्यावर गाडी बंद पडली तर एक जण गाडीजवळ थांबतो आणि दुसरा मेकॅनिक शोधायला जातो. पण गाडी सोडली तिथेच उभी राहते. समुद्रात मागे ठेवलेला माणूस ठेवल्या जागी राहत नाही, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

माझं म्हणणं असं, की प्रवाहाने बोटीपासून तोडलं तर जोडी फुटू द्यायची नाही, हा नियम जवळजवळ बिनशर्त मानला जावा. आणि तो पाळणं डायव्हरच्या चांगुलपणावर न सोडता, तो पाळता येईल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी बोट चालवणाऱ्यांवर आणि डायव्हिंग शिकवणाऱ्यांवर टाकली जावी. यातला दुसरा भाग लोकांना कमी पटतो, म्हणून आधी पहिला पाहू.

पोहत जाण्याचा हिशेब मांडा. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर, सेकंदाला साधारण अर्धा मीटर. रमतगमत चालणारा माणूसही याहून भराभर चालतो, त्यामुळे एक नॉटचा प्रवाह कागदावर किरकोळ वाटतो. आता पाठीवर सिलिंडर, अंगात हवेने फुगलेली बीसीडी, म्हणजे तरंगत ठेवणारं जाकीट, आणि ओला सूट घेऊन त्याच्या विरुद्ध पोहायचं आहे. समजा एखाद्याने जिवाच्या आकांताने 1.2 नॉटचा वेग गाठला. बोट दोनशे मीटरवर नांगरलेली आहे. प्रवाह वजा केला तर हातात उरतात 0.2 नॉट, म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर. दोनशे मीटर कापायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल. तो वेग सगळ्या सामानानिशी अर्धा तास टिकवणारा माणूस फार विरळा. बाकीचे पाच-सात मिनिटांत धापा टाकतात, पायात गोळे येतात, आणि मान वर करून बघतात तर बोट आधीपेक्षा लांब गेलेली असते. मागे वळून बघतात तर जोडीदारही दिसत नाही.

हे दोनशे मीटर मी मनाने घेतलेले नाहीत. मे 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर, व्हिटसंडे बेटांच्या बाजूला, एक जोडपं बोटीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर वर आलं. त्यांना बोट दिसत होती, पण बोटीवरच्यांना ते दिसले नाहीत. प्रवाहाविरुद्ध पोहून उपयोग होईना, तेव्हा त्यांनी एकमेकांना बांधून घेतलं आणि रात्र पाण्यात काढली. सुमारे एकोणीस तासांनी हेलिकॉप्टरला ते सापडले, दोघंही जिवंत. पुढे त्यांच्या कहाणीच्या विक्रीवरून बरीच टीका झाली, ती बाजूला ठेवू. पोहण्याचा नाद सोडून एकमेकांना बांधून घेण्याचा त्यांचा निर्णय मात्र बिनचूक होता.

समुद्रात भेटणाऱ्या आणि लाटेसरशी दुरावणाऱ्या दोन ओंडक्यांचा दृष्टान्त आपल्याकडे माणसाच्या नशिबाबद्दल बोलताना दिला जातो. तो वैराग्यासाठी ठीक आहे, पण ओंडके कसे दुरावतात हे एका शोधनिबंधात मोजलेलंही आहे. लुईस फ्राय रिचर्डसन आणि हेन्री स्टॉमेल या दोघा शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमधल्या एका खाडीत पार्सनिपचे तुकडे टाकले. पार्सनिप हे गाजराच्या जातीचं पांढरं कंदमूळ. निवडायचं कारण साधं: ते तरंगतं, पण जवळपास सगळं पाण्याखाली राहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि पांढरं असल्याने नजरेत भरतं. जोडीजोडीने तुकडे सोडायचे आणि त्यांच्यातलं अंतर कसं बदलतं ते पाहायचं, एवढाच प्रयोग. 1948 मध्ये तो प्रसिद्ध झाला. निघालं ते असं, की तुकडे जवळजवळ असतील तर ते रेंगाळत दूर होतात, आणि आधीच लांब असतील तर भराभर पांगतात. सूत्राच्या भाषेत, अंतर दुप्पट झालं की पांगवणारा जोर सुमारे अडीच पट होतो. कारणही समजण्यासारखं आहे. हातभर अंतरावरच्या दोन वस्तूंना एकच भोवरा एकत्र उचलून नेतो. शंभर मीटरवरच्या दोन वस्तू वेगवेगळ्या भोवऱ्यांच्या ताब्यात असतात.

गळ्यापर्यंत पाण्यात असलेला डायव्हर त्या पार्सनिपपेक्षा फारसा वेगळा नाही. म्हणून ‘थोडा वेळ लांब गेलो तर काय बिघडतं, परत येईन’ हे वाक्य समुद्रात खोटं ठरतं. पहिले पाच मीटर दोन फटक्यांत भरून निघतात. पन्नास मीटर पडले की तेच काम कष्टाचं होतं, आणि दोनशे पडले की लाटांच्या खोलगटांतून एकमेकांची डोकी दिसणंही नशिबावर जातं.

हे पांगणं पृष्ठभागावर येण्याआधीच सुरू होऊ शकतं. पाण्याखाली जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिटभर शोधायचं आणि मग सावकाश वर येऊन भेटायचं, हा धडा जगभर शिकवला जातो आणि तो चांगला आहे. पण त्यात एक बारीक भोक आहे. अंगात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात. चुकामुकीत ते थांबायचं की नाही? एक नॉटच्या प्रवाहात तीन मिनिटांत नव्वद मीटर वाहून जायला होतं. एकाने थांबा घेतला आणि दुसरा घाबरून थेट वर आला, तर दोघांनी नियम पाळूनही भेट चुकते, कारण पृष्ठभागावरचं पाणी आणि पाच मीटरखालचं पाणी एकाच वेगाने, एकाच दिशेने जाईल याची खात्री नसते. चुकामूक झाली तर थांबा घ्यायचा की टाळायचा, हे दोघांनी बोटीवरच ठरवायला हवं. बोलायला अर्धं मिनिट लागतं. हे ठरवून उडी मारणाऱ्या जोड्या मात्र मला क्वचितच दिसतात.

आता शोधणाऱ्यांच्या बाजूने पाहू. बेपत्ता माणूस शेवटचा कुठे दिसला, तिथून प्रवाह आणि वारा त्याला कुठे नेतील, याचा अंदाज बांधून शोध सुरू होतो. त्या अंदाजात अर्ध्या नॉटची चूक धरा, ती काही मोठी नव्हे. चार तासांनी ती दोन सागरी मैलांची होते, म्हणजे 3.7 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ, सुमारे 43 चौरस किलोमीटर पाणी. आठ तासांनी तेच 170 च्या पुढे जातं. या पाण्यात शोधायचं आहे ते नारळाएवढं डोकं. दोन डोकी वेगवेगळी वाहत असतील तर वर्तुळंही दोन, आणि विमानं व बोटी तेवढ्याच. पाण्यातल्या माणसाला स्वतःला दिसतं तरी किती? डोळे पाण्यापासून फूटभर उंचीवर असतात, तेव्हा सपाट समुद्रातही क्षितिज दोनेक किलोमीटरवर येऊन टेकतं. लाटा असतील तर लाटेच्या माथ्यावर असण्याच्या क्षणापुरतंच. इतक्या तुटपुंज्या नजरेवर विसंबून ‘मी तिकडे जाऊन बघतो’ म्हणणं हे धाडस नव्हे.

माझ्या मताला सगळ्यात जड जाणारं उदाहरण एप्रिल 2022 मधलं आहे, ते टाळता येणार नाही. मलेशियात मर्सिंगजवळ चौघं पाण्यात उतरली: एक प्रशिक्षिका आणि तिघं शिकणारी. वर आल्यावर बोट दिसली नाही. जोरदार प्रवाहात प्रशिक्षिका इतरांपासून तुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच सापडली. तिच्यामुळे बाकीची तिघं निदान पाण्यावर आली होती, हे शोधणाऱ्यांना कळलं. आणखी दोन दिवसांनी त्यांतली दोघं मच्छीमारांना जिवंत सापडली. तिसरा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो वाचला नाही. यावरून कुणी म्हणेल, पाहा, वेगळी झालेली आधी सापडली आणि तिने बातमी आणली. चौघं एकत्र असती तर कदाचित कुणीच त्या दिवशी सापडलं नसतं. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो उलटाही फिरतो. चौघं एकत्र असती, तर जी बोट प्रशिक्षिकेपाशी पोहोचली ती चौघांपाशी पोहोचली असती. ती सापडल्यावरही इतर कुठे आहेत हे तिला सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण तुटल्यापासून तिचा आणि त्यांचा प्रवाह वेगळा झाला होता. शिवाय तिने जाण्याचं ठरवलं नव्हतं, प्रवाहाने नेलं होतं. त्या वेगळं होण्यातून आपोआप जे मिळालं त्यावर धोरण उभारता येत नाही.

फेब्रुवारी 2014 मध्ये बालीजवळ सात जपानी स्त्रिया अशाच वाहून गेल्या. तीन दिवसांनी पाच जणी जिवंत सापडल्या, त्यांतल्या चौघी एकाच खडकाळ जागी. दोघी वाचल्या नाहीत. जून 2008 मध्ये इंडोनेशियातच कोमोडोच्या भागात पाच जण वाहत जाऊन रिंचा बेटाला लागले आणि दोन रात्रींनंतर सापडले, पाचही एकत्र. मोजक्या घटनांवरून टक्केवारी काढण्याचा हा प्रांत नाही आणि मी काढतही नाही. पण एकत्र राहिलेले एकत्र सापडतात, हे इतकं उघड आहे की त्याचं मोल आपल्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते पाण्यातल्या प्रत्यक्ष कामाबद्दल. इशाऱ्याचा फुगा घ्या, ती लांबट नारिंगी नळी. फुगवली की दीड-पावणेदोन मीटर भरते आणि डोक्यापेक्षा कितीतरी लांबून दिसते. पण ती आपोआप उभी राहत नाही. सोडली तर पाण्यावर आडवी लोळते आणि मग तिचा फारसा उपयोग नाही. बूड दोन्ही हातांनी पाण्याखाली खेचून धरलं तर ती ताठ होते. वाऱ्यात ती एका बाजूला कलते, खेच वाढवावी लागते, आणि थोड्याच वेळात दंड भरून येतात, बोटं आखडतात. एकट्या माणसाने हे करायचं, की आरसा चमकवायचा, की शिट्टी फुंकायची, की चारी दिशांना नजर ठेवायची? दोघं असली तर एक नळी धरतो, दुसरा बघतो. मग पाळी बदलते. रात्री एकाचा टॉर्च चालू ठेवता येतो आणि दुसऱ्याचा राखून. डुलकी लागली तर तोंड पाण्यात जाऊ नये म्हणून शेजारी कुणीतरी जागं असतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब शोषतं. अठ्ठावीस अंशांचं कोमट पाणीही रात्रभरात माणसाला कुडकुडवतं. अशा वेळी छातीला छाती भिडवून राहणं हाच शेवटचा उपाय असतो, आणि तो एकट्याला करता येत नाही.

डोकंही दोघांचं लागतं. सहाव्या-सातव्या तासाला, तहानेने जीभ टाळ्याला चिकटलेली असताना, दूरवर दिवा लुकलुकतो. एकट्याला वाटतं, जवळच आहे, निघू. पट्टे सोडून बीसीडी आणि सिलिंडर टाकून दिलं तर हलकं वाटेल, असंही वाटतं. दुसरा असेल तर तो म्हणतो, अरे, दिवा सरकतोय, जहाज आहे ते. म्हणतो, कमरेची वजनं टाक, पण रिकाम्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा त्रास नाही, ते तरंगतंय, राहू दे. भांडणंही होतात, आणि होऊ देत. पाण्यातल्या वेड्या कल्पनेला अडवायला भांडणाइतकं चांगलं दुसरं काही नाही.

‘आता उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं आली आहेत, मग जोडीचं कौतुक कशाला?’ असाही एक आक्षेप असतो. 406 मेगाहर्ट्झवर चालणारा खिशातला बीकन मिळतो आणि तो खरोखर जीव वाचवतो. परवडत असेल त्याने डब्यात नीट बंद करून जरूर न्यावा. पण तो ज्याच्या हातात आहे त्याचीच जागा सांगतो. दोघांत एक बीकन असेल आणि दोघं वेगळी झाली, तर एकाची सुटका आणि दुसऱ्याचा शोध असं होऊन बसतं.

इथवर बहुतेक अनुभवी डायव्हर माझ्याशी सहमत होतील. वाद पुढे आहे. पर्यटकांच्या बोटीवर जोड्या कशा लागतात? डायव्हरना पाण्यात नेणारा डाइव्ह मास्टर यादीकडे बघतो आणि म्हणतो, तुम्ही एकटे ना? आणि तुम्ही? चला, तुम्ही दोघं बडी. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली माणसं एकमेकांच्या जिवाला बांधली जातात. त्यांतला एक कॅमेरा घेऊन आलेला, एकाच माशापाशी दहा मिनिटं रमणारा. दुसऱ्याला सगळा रीफ बघून व्हायचं आहे. आणि मग अपघात झाला की आपण विचारतो, जोडीदाराने साथ का सोडली? साथ जुळलीच कधी होती! अनोळखी माणसासाठी जीव टांगणीला लावणं हे कर्तव्य आहे, असं मी खुशाल म्हणेन. पण ज्याने ही जोडी जमवली आणि पैसे घेतले त्याचं काही कर्तव्य आहे की नाही?

ते कर्तव्य काय, हे अवघड नाही. उतरण्याआधीच्या सूचनांमध्ये, म्हणजे ब्रीफिंगमध्ये, मासे कुठले दिसतील याला दहा मिनिटं दिली जातात. ‘वर आलात आणि बोट दिसली नाही तर’ या वाक्याला एक मिनिट द्यावं. प्रत्येकाकडे स्वतःचा फुगा, शिट्टी आणि टॉर्च असल्याशिवाय प्रवाहाच्या जागी उतरवू नये, मग गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चालेल. बोटीवर एका माणसाने फक्त पाण्याकडे बघायचं. त्याने जेवण वाढायचं नाही, सिलिंडर भरायचे नाहीत, फोनवर बोलायचं नाही. आणि शिकवतानाच, पहिल्या परवान्याच्या वेळी, जोडीने अर्धा तास नुसतं वाहत राहण्याचा सराव घ्यावा: फुगा उभा धरणं, पाळ्या बदलणं, एकमेकांना पट्ट्याने अडकवणं. मास्कमधलं पाणी काढायला आपण तासन्‌तास घासून घेतो आणि पृष्ठभागावर काय करायचं ते दोन ओळींत उरकतो. धोक्याचं माप आणि शिकवण्याचं माप यांचा मेळ बसत नाही.

ही सक्ती केली तर धंदा महागेल, छोटे बोटवाले बुडतील, असं सांगितलं जातं. फुगा, शिट्टी आणि एका माणसाची नजर यांनी बुडणारा धंदा मुळात कशाच्या जिवावर चालला होता, हे विचारायला हवं. ‘काही झालं तर जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली की जबाबदारी संपली, ही समजूतही याच जातीची आहे. सही करणारा प्रवाहाचा धोका पत्करतो. आपल्याला मोजलंच जाणार नाही, हा धोका त्याने पत्करलेला नसतो.

इथे माझ्या नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जानेवारी 1998 मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन दांपत्य मागे राहिलं आणि बोट किनाऱ्याला लागली. ते दोघं नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ते कधीच सापडले नाहीत. त्यांनी साथ सोडली असेल असं मानायला काहीच आधार नाही. पण ज्यांना कुणी शोधतच नाही त्यांच्या एकत्र राहण्याला फळ येत नाही. त्या प्रकरणानंतर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात डोकी मोजण्याचे आणि त्याची लेखी नोंद ठेवण्याचे नियम कडक झाले. तरीही नुसता आकडा फसवतो. मोजणी चालू असताना कुणीतरी गार व्हायला पुन्हा पाण्यात उडी मारतो, कुणी खाली शौचालयात असतो, दोघंजण एकालाच मोजतात आणि बेरीज जुळते.

जोडी सोडायची वेळ कधीच येत नाही का? येते. जोडीदाराचा श्वास थांबलाय, करण्यासारखं सगळं करून झालंय आणि दुसऱ्याचीही शक्ती संपत आलीय, तेव्हा जिवंत माणसाने जिवंत राहावं. त्याला कुणी दोष देऊ नये. तसंच प्रवाहाच्या दिशेलाच किंवा त्याला आडवं गेल्यावर बेट लागत असेल तर जरूर पोहावं, पण दोघांनी, आणि हळू पोहणाऱ्याच्या वेगाने. ‘मी पुढे होतो, तू ये मागून’ हे वाक्य तिथेही बाद.

बोटीवरच्या नोंदवहीत एक छोटा बदल करता येईल आणि त्याला खर्च शून्य आहे. आज बहुतेक ठिकाणी नावं एकाखाली एक लिहितात आणि वर आलेल्याच्या नावापुढे खूण करतात. त्याऐवजी जोडी एका ओळीत लिहावी आणि दोघं डेकवर उभे असल्याशिवाय त्या ओळीवर खूण करू नये. एक जण शिडीवर चढला की नोंद ठेवणाऱ्याने त्याला पाणी किंवा टॉवेल देण्याआधी विचारायचं: तुझा जोडीदार कुठे आहे, शेवटचा कधी दिसला, कुठल्या बाजूला? उत्तर ‘येतोय मागून’ असं आलं तर ते उत्तर धरायचं नाही. त्या माणसाला तिथेच उभं करून जोडीदार कुठे आहे ते हाताने दाखवायला लावायचं, आणि तो दाखवू शकला नाही तर त्याच क्षणी शोध सुरू करायचा. पहिल्या दहा मिनिटांत एक नॉटने माणूस तीनशे मीटर जातो, आणि तीनशे मीटरवरचा माणूस अजून शोधण्यासारखा असतो.